तीन किलोमीटरचा दिवा

१

पोलिसांनी डोमाजी खंडारेंना जीपमध्ये बसवलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून ते कपासकट जीपमध्ये चढले. बडनेरा रोडवरच्या 'खंडारे ऑटो इलेक्ट्रिक'चा तो कप अशा रीतीनं ठाण्यात जमा झाला. पुढे त्याचं काय झालं ते ठाण्यालाच ठाऊक.

गुरुवारची सकाळ होती. मे महिना सरत आला होता, दहा वाजताच शटरला हात लावला तर चटका बसत होता. दीक्षा दारात उभी होती. ती डोमाजींची एकुलती एक मुलगी, वय छत्तीस. तिनं आयटीआय केलं आणि सात वर्षांपूर्वी हे गॅरेज काढलं. डोमाजींनी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ते मुलीच्या हाताखाली येऊन बसले होते. "मालकीण पोरगी हाय, मी कामगार," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत.

उपनिरीक्षक रागिणी काळमेघ मात्र कौतुक ऐकायला आल्या नव्हत्या. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीभोवती त्या दोनदा फिरल्या, फुटलेल्या डाव्या हेडलाइटपाशी वाकल्या आणि मग उभ्या राहून बोलल्या.

"मंगळवारी संध्याकाळी सात वाजता बोरगाव मंजूजवळ या गाडीनं माणिकबाई नावाच्या बाईला उडवलं. मांडीचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे. अकोल्यात दवाखान्यात पडली आहे, शुद्ध येते आणि जाते. गाडी टोलनाक्यावर दोनदा दिसते. सकाळी अकोल्याकडे जाताना आणि संध्याकाळी परतताना. काचेवर चकाकी आहे, चालवणारा दिसत नाही."

"गाडी श्याम गावंडेंची आहे," दीक्षा म्हणाली.

"त्यांचा जबाब झालाय. डॅशबोर्डवर बिघाड दाखवणारा इंजिनाचा दिवा लागला म्हणून सोमवारी रात्री नऊला त्यांनी ती तुमच्या दारात सोडली आणि किल्ली शटरच्या फटीतून आत सारली. अशी पद्धत आहे म्हणे तुमच्याकडे."

पद्धत होती. ओळखीची गिऱ्हाइकं वेळी-अवेळी गाडी लावून जात आणि किल्ली फटीतून आत सरकवत. सात वर्षांत या पद्धतीनं कुणाचं वाकडं झालं नव्हतं. मंगळवारी गॅरेज बंद होतं, दीक्षा परतवाड्याला मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती. त्या ओळीतली सगळीच दुकानं मंगळवारी बंद असतात. बुधवारी सकाळी ती आली तेव्हा गाडी दारात होती आणि किल्ली आत पडली होती. सात वाजता श्यामचा फोनही येऊन गेला होता, "सोमवारपासून गाडी पडली हाय, दिव्याचं पाह्यजा." ती केव्हा आली हे छातीवर हात ठेवून सांगायला कुणी नव्हतं. डोमाजींनी फुटलेला हेडलाइट पाहिला आणि मालकाला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नको म्हणाले. त्या दिवशी दुसरी कामंही तुंबली होती, म्हणून गाडी नुसती आत ढकलून घेतली होती.

"शटरची दुसरी चावी वडिलांकडे असते ना?" रागिणी काळमेघांनी विचारलं. "मंगळवारी ते कुठे होते?"

"अकोल्याला. आत्याकडे. एसटीनं गेले होते."

"तिकीट?"

"निवृत्तांचा पास आहे. तिकीट लागत नाही."

"म्हणजे कागद नाही." त्यांनी वही मिटली. "उद्या अकराला त्यांना कोर्टात उभं करणार. दहाला गाडी उचलायला येतील. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

जीप गेली. दीक्षानं एक गोष्ट पोलिसांना सांगितली नव्हती. अकोल्याहून बाबा नेहमी आठच्या आत घरी येतात. मंगळवारी ते सव्वानऊला आले होते.

२

श्याम गावंडेचं घर साईनगरात होतं, गॅरेजपासून मोजून तीन किलोमीटर. मोर्शीला त्याचा संत्र्याचा मोठा बगीचा होता आणि अमरावतीत खतांची एजन्सी. भर दुपारी दीक्षा स्कूटर घेऊन तिथं पोचली. दार त्याच्या बायकोनं, आकांक्षानं उघडलं. तिनं दीक्षाला कूलरसमोर बसवलं आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"दीक्षाताई, मले काय आनंद होऊन राहिला का?" श्याम आल्या आल्या म्हणाला. "डोमाजीभाऊंवर माहा जीव हाय. पण गाडी माह्या नावावर. पोलिस मलेच विचारतीन ना?"

"मी भांडायला नाही आले. दिव्याचं विचारायचं होतं. नेमका केव्हा लागला?"

"सोमवारी. एजन्सीतून घरी आलो, फाटकात गाडी वळवली अन् लागला. जेवण केलं अन् नवाले तुमच्याकडे सोडून आलो."

"म्हणजे घरापासून गॅरेजपर्यंतच चालली, दिवा लागल्यावर?"

"तेवढीच. जास्त कायले चालवू?"

"आणि मंगळवारी?"

"घरीच होतो. ताप होता मले."

आकांक्षा पेल्यात पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. पेला अर्धाच भरला होता, तो तिनं तसाच दीक्षाच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली. दीक्षानं अर्धा पेला पाणी संपवलं आणि उठली.

बाहेर फाटकाशी एक पिकअप उभी होती. शेषराव तिच्यात रिकामी क्रेट चढवत होता. हा मोर्शीच्या बगीच्याचा कारभारी, साठीला टेकलेला माणूस. ट्रॅक्टर त्यानंच चालवायचा, झाडांच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा मलम त्यानंच फासायचा. आत्ताही त्याची बोटं निळसर होती. डोमाजींशी त्याची जुनी ओळख. पिकअपचं वायरिंग तेच करून देत आणि मग दोघं तासभर टपरीवर चहा पीत बसत.

दीक्षाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभरानं तिच्या लक्षात आलं, एवढ्या उन्हात शेषराव उघड्या डोक्यानं उभा होता. वऱ्हाडात मे महिन्यात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडणारा माणूस एक तर परगावचा असतो नाहीतर त्याला जिवाची पर्वा नसते.

"शेषरावभाऊ, दुपट्टा कुठे गेला?"

"हारपला."

"बाबांना नेलं पोलिसांनी. आज सकाळी."

शेषरावच्या हातातली क्रेट खाली पडली. "डोमाजीभाऊले? त्यांले काहून?"

ओसरीवरून श्यामचा आवाज आला, "शेषराव, निघा आता. ऊन वाढून राहिलं."

शेषरावनं पडलेली क्रेट उचललीच नाही. तो पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला. दीक्षा त्या वळणाकडे पाहत राहिली. बापाला पोलिसांनी नेलं म्हटलं की कुणीही आधी विचारतो, काय झालं. शेषरावनं ते विचारलं नाही. काय झालं ते त्याला माहीत होतं.

३

अकोल्याचा स्टँड चार वाजता तव्यासारखा तापला होता. दुर्गाआत्या छत्री घेऊन उभीच होती. डोमाजींची ही धाकटी बहीण अंगणवाडीत काम करायची, आणि दवाखान्यातल्या दोन आया तिच्या ओळखीच्या निघाल्या. नाहीतर माणिकबाईपर्यंत पोचायला दोन दिवस गेले असते.

"बाबा मंगळवारी किती वाजता निघाले गं तुझ्याकडून?" जिना चढता चढता दीक्षानं विचारलं.

"पाचाले. मी म्हटलं, चहा घे, त नाई म्हणे, गाडी सुटते."

पाचला निघाले, घरी सव्वानऊला पोचले. एसटी पंक्चर झाली, असं ते म्हणाले होते, आणि दीक्षानं ते जेवण वाढता वाढता ऐकून सोडून दिलं होतं. मधल्या चार तासांत सात वाजता बोरगाव मंजू कुणालाही बसवता आलं असतं. ती कठड्याला धरून थांबली.

"काय झालं वं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. चक्कर आल्यासारखी झाली."

माणिकबाई साठीची होती. रोजानं भाजी निवडायला जायची. पाय वजनाला टांगला होता, डोक्याला पट्टी होती, पण डोळे उघडे होते. दुपारीच पुरती शुद्धीवर आली होती. पोलिस उद्या येणार होते.

"मले काही राग नाई बाई," ती हळूहळू बोलली. "लागलं त लागलं. पण थांबून जातीन असं वाटलं होतं."

"थांबलेच नाहीत?"

"थांबले. दार उघडलं. ज्या बाजूनं मले लागलं त्याच बाजूचं दार. एक जण उतरला. माह्या तोंडाले पाणी लावलं, म्हणे 'माय, उठ'. डोक्याचा दुपट्टा काढला, माह्या डोक्याखाली ठेवला. गाडीतून दुसरा वरडे, 'चल, बस लवकर'. मंग तो गेला. जातानी रडून राहिला होता तो."

"चेहरा पाहिला?"

"डोळ्यात रगत होतं. दिसत नव्हतं मले. आवाजावरून म्हातारा वाटे, एवढंच."

म्हणजे गाडीत दोघं होते, आणि पाणी पाजणारा डाव्या दारातून उतरला, म्हणजे तो चालवत नव्हता. दीक्षाला एवढं कळलं, पण तेवढ्यानं सुटका कसली. दोघं होते तर त्यातले एक बाबा असूच शकत होते. पडलेल्या बाईला माय म्हणून पाणी पाजणारा आणि डोक्याचा दुपट्टा काढून देणारा म्हातारा डोळ्यांपुढे आणला की तिला दुसरा कुणी दिसेचना. दिसत होते ते तिचे बाबा.

खाटेखाली पिशवी होती. आयानं त्यातून दुपट्टा काढून दाखवला. पांढरा, जाडाभरडा, रक्तानं कडक झालेला. आणि एका कडेला बोटांचे ठसे उमटावेत तसे निळे-हिरवे डाग.

दीक्षानं ते डाग ओळखले. बॅटरीच्या टर्मिनलवर असाच निळा-हिरवा गंज चढतो. बाबा तो रोज हातानं खरवडतात आणि हात दुपट्ट्याला पुसतात. त्यावरून ती त्यांना रोज बोलते.

४

शुक्रवारी सकाळी साडेसातला दीक्षानं शटर वर केलं. गाडी होती तिथंच होती. तिनं रागिणी काळमेघांना फोन करून आठला यायला सांगितलं होतं, आणि आता त्या अर्ध्या तासात गॅरेजमध्ये ती, गाडी आणि स्कॅनर एवढेच होते.

स्कॅनर म्हणजे हाताच्या पंज्याएवढं यंत्र. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याची वायर खोचली की गाडी आपलं दुखणं सांगते. पण गाडी आणखीही एक गोष्ट टिपून ठेवते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. इंजिनाचा दिवा लागल्या क्षणापासून गाडी किती किलोमीटर चालली, ते ती मोजत राहते.

श्याम म्हणाला होता, दिवा सोमवारी लागला. गाडी जर सोमवारी रात्री गॅरेजच्या दारात आली असेल आणि मंगळवारी कुणी तिथून नेऊन आणली असेल, तर तो आकडा दोनशेच्या वर असायला हवा. अकोला जाऊन-येऊन दोनशे. आणि गॅरेजमधून गाडी नेऊ शकणारा माणूस एकच होता.

त्या यंत्रावर एक बटणही होतं. ते दाबलं की दुखण्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, हा आकडासुद्धा. दोन सेकंदांचं काम. दुरुस्ती करताना सगळेच करतात, मीही सवयीनं केलं, असं म्हणता आलं असतं. तिनं यंत्र हातात घेतलं, अंगठा त्या बटणावर आला. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, रक्तदाबाची गोळी रोजची. ठाण्यात कुणी दिली असेल का ती? तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं.

मग तिला माणिकबाईचा टांगलेला पाय आठवला. तिनं यंत्र बोनेटवर ठेवलं आणि दोन्ही हात मागे बांधून ती फुटपाथवर जाऊन उभी राहिली. काळमेघ मॅडम येईपर्यंत ती आत गेली नाही.

"मी आकडा पाहिलेला नाही," तिनं सगळं समजावून सांगितल्यावर म्हटलं. "तुमच्यासमोर पाहते."

रागिणी काळमेघांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि वडिलांच्या विरुद्ध निघाला तर?"

"तर निघाला."

"चालू करा."

दीक्षानं वायर खोचली. पहिल्यांदा दुखणं आलं. दोन नोंदी होत्या. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर बंद, मागच्या ऑक्सिजन सेन्सरचाही हीटर बंद.

"म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"इंजिनातून निघणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला ते हे सेन्सर सांगतात. पण थंड असले की त्यांना काही कळत नाही. म्हणून प्रत्येकाच्या आत एक बारीक हीटर असतो, गाडी सुरू झाली की तो सेन्सरला लगेच तापवतो. तो बंद पडला की दिवा लागतो. गाडी चालते, फक्त पेट्रोल जरा जास्त पिते." बोलता बोलता दीक्षा थांबली. "पण दोन्ही हीटर एकाच वेळी मरत नाहीत, मॅडम. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे तुकडे."

ती खाली वाकली. आता हात आपोआप चालू लागले. दोन्ही सेन्सरांच्या जोडण्या उघडून तिनं मीटर लावला. एक सहा ओहम, दुसरा साडेसहा. दोन्ही हीटर ठणठणीत होते. मग किल्ली फिरवून वायरीकडून बारा व्होल्ट येतात का ते पाहिलं. दोन्हीकडे शून्य.

"हीटर चांगले आहेत. त्यांना वीजच येत नाही. दोघांना मिळून एक फ्यूज असतो."

तिनं फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आत नकाशा होता, त्यात त्या जागी पंधरा अँपिअरचा फ्यूज दाखवला होता. पंधराचा फ्यूज निळा असतो. तिथं पिवळा होता, वीसचा. तिनं चिमट्यानं तो उपसला. आतली तार जळलेली होती. आणि पिवळ्या प्लास्टिकच्या खाचेत निळा-हिरवा थर बसला होता.

पुन्हा तोच रंग.

"आकडा," रागिणी काळमेघ म्हणाल्या. "तो आकडा दाखवा."

दीक्षानं बटण दाबलं. दिवा लागल्यापासून गाडी चाललेली किलोमीटर. पडद्यावर आकडा उमटला. तिनं तो वाचला, डोळे पुसले आणि पुन्हा वाचला.

तीन.

५

"तीन म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

दीक्षा गाडीच्या पायरीवर बसली. डोकं आता लख्ख चालत होतं.

"साईनगरहून इथपर्यंत तीन किलोमीटर. बस, दिवा लागल्यावर गाडी तेवढीच चालली. पण मंगळवारी ती अकोल्याला जाऊन आली हे टोलनाक्यावर दिसतं. दिवा सोमवारी लागला असता तर इथं दोनशे तीन आलं असतं. म्हणजे गाडी आधी अकोल्याला जाऊन आली, दिवा त्याच्यानंतर श्यामभाऊंच्या घरी लागला आणि मग गाडी इथं आली. मंगळवारी रात्री. गॅरेजमध्ये ती सोमवारी आलीच नव्हती."

"तुम्ही किंवा वडिलांनी नोंदी पुसून पुन्हा दिवा लावला असेल, असं त्यांचा वकील म्हणेल."

"पुसल्या की तेही गाडी मोजते, नोंदी पुसल्यापासून किती चालली." तिनं आणखी एक बटण दाबलं. "अकरा हजार दोनशे चाळीस. गेल्या सर्व्हिसिंगनंतर कुणी पुसलेलं नाही."

रागिणी काळमेघांनी पडद्याचे फोटो काढले. मग बाहेर जाऊन त्यांनी दोन फोन केले.

सव्वानऊला श्याम आला. थोड्या वेळानं शेषरावची पिकअप लागली. तो आत आला आणि भिंतीशी उभा राहिला. आजही त्याचं डोकं उघडंच होतं.

मॅडमनी आकडा सांगितला तेव्हा श्याम हसला. "यंत्र यांचं, आकडा यांचा. मी काय बोलू?"

"यंत्र आम्ही दुसरंही लावू. आकडा गाडीत आहे."

"मंग..." त्यानं कपाळ पुसलं. "मंग दिवा मंगळवारी लागला असंन. तापात होतो मी, ध्यानात नसंन राहिलं."

"म्हणजे मंगळवारी गाडी तुमच्याकडेच होती."

श्याम दाराकडे पाहू लागला.

दीक्षा उठली. तिनं तो पिवळा फ्यूज कागदावर ठेवून शेषरावपुढे धरला. ती त्याला काका म्हणत नसे, पण लहानपणापासून ओळखत होती, आणि आता तिला त्याची कीव येत होती.

"शेषरावभाऊ, कालपासून मी या डागाले भिऊन राहिले. मले वाटे, हा बॅटरीचा गंज हाय. बाबांच्या हाताले तोच असतो. पण बॅटरीच्या गंजात तेजाब असतं, ते कापूस खाते. बाबांच्या सगळ्या दुपट्ट्यांची चाळण झालेली हाय. माणिकबाईंच्या डोक्याखाली ठेवलेल्या दुपट्ट्याले एक छिद्र नाई." तिनं नखानं फ्यूजवरचा थर खरवडला. पांढरी भुकटी पडली. "अन् गंजात चुना नसतो. हा मोरचूद-चुन्याचा मलम हाय. हा फ्यूज बगीच्यातून आला, ट्रॅक्टरच्या डब्यातून. जळलेला फ्यूज फेकत नाई तुमी लोक, मापाले ठेवता."

शेषराव खाली बघत होता.

"शेषराव," श्याम हळूच म्हणाला, "इचार करून बोल."

"इचारच करून राहिलो मालक. तीन दिवसापासून दुसरं काय करून राहिलो?" शेषरावनं मान वर केली. त्याचा आवाज फाटला होता. "आमी पंपाच्या सामानाले गेलो होतो अकोल्याले. येतानी गाडी मालक चालवत होते. फोनवर बोलून राहिले होते. ते माय रस्त्याच्या कडेनं चालली होती, कडेनं. मी उतरलो. म्हटलं, दवाखान्यात नेऊ. मालक म्हणे, बस. अन् मी बसलो."

त्यानं दीक्षाच्या हातातल्या फ्यूजकडे बोट केलं.

"घरी आल्यावर म्हणे, गाडीत काईतरी बिघाड दिसला पायजे, म्हंजे सोमवारीच गॅरेजले टाकली म्हणता येईन. गाडी बंद नोको पडाले, नुसता दिवा लागला पायजे. मी एकेक फ्यूज काढून पाह्यला. हा काढला त दिवा लागून राहिला अन् गाडीबी चालली. जागा रिकामी दिसू नये म्हून पिकअपमंदी ट्रॅक्टरचा डबा होता, त्यातला जळका लावला. ट्रॅक्टरमंदी असं काई मोजत नाई ना बाई. मले का माईत, गाडी मोजते म्हून."

"आणि डोमाजी?" मॅडमनी विचारलं.

"डोमाजीभाऊवर येईन हे माह्या मनात नव्हतं. आईशप्पत नव्हतं. मालक म्हणे, गॅरेजवाल्याचं कोणी काई करत नाई, पोलिस दोन दिस फिरतीन अन् सोडून देतीन." तो भिंतीला टेकला. "माहं काय करायचं ते करा. पण त्या मायनं माह्या हातचं पाणी पेलं अन् मी तिले टाकून आलो. हे मले जगू देत नाई."

श्याम दाराकडे वळला. दारात हवालदार उभा होता.

डोमाजी दुपारी एकला सुटले. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं आणि दुपट्टा डोक्याला गुंडाळला. दीक्षा झाडाखाली स्कूटर लावून उभी होती. त्यांनी आधी माणिकबाईचं विचारलं. वाचेल म्हणतात, पाय बरा व्हायला चार महिने, असं तिनं सांगितलं. मग शेषरावनं काय केलं तेही सांगितलं. डोमाजींनी सगळं ऐकून घेतलं. शेषरावला एक शब्द वाईट बोलले नाहीत.

मग ते म्हणाले, "तुले वाटलं होतं का वं, मी असंन म्हून?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि पुन्हा कुणी हा विषय काढला नसता.

"हो, बाबा. काल सकाळपासून आज आठपर्यंत."

डोमाजींनी दुपट्टा सोडून पुन्हा गुंडाळला. दीक्षाला वाटलं, आता ते पायीच निघतील.

"एसटी खरंच पंक्चर झाली होती वं. मले राग आला हाय तुहा," ते म्हणाले. "दोन-चार दिस राहीन तो."

"राहू द्या."

"असं वाटत होतं त पोलिसांसमोर ते मशीन लावलंस कायले? मी निघालो असतो मंग?"

"निघाले असते तर तुमच्यासोबत कोर्टात आली असती," दीक्षा म्हणाली. "रोज आली असती. डबा घेऊन. पण त्या बाईंना खोटं सांगता आलं नसतं मला."

डोमाजींनी मान हलवली आणि ते तिच्या मागे स्कूटरवर बसले. ती बडनेरा रोडला लागली तेव्हा त्यांनी कपाळ तिच्या पाठीला टेकवलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि बायकोच्या मरणातही ज्यांना तिनं रडताना पाहिलं नव्हतं, ते बाबा तिच्या पाठीशी हुंदके देत होते. गॅरेज आलं तरी ती थांबली नाही, पुढच्या चौकापर्यंत तशीच हळूहळू स्कूटर चालवत राहिली.